प्रतिज्ञापत्र

बावड्याला कोर्टाबाहेर, चिंचेखाली,
टायपिस्ट शेवाळे चष्मा पुसत विचारतात,
"नावात घोळ काय, ताई?"

घोळ एवढाच :
पासपोर्टात मी शलोमी,
देवळाच्या बाप्तिस्मा-वहीत सालोमी,
आणि जन्मदाखल्यावर कुणा कारकुनानं,
बहुधा जेवणाच्या सुट्टीला दोन मिनिटं असताना,
सुलोचना लिहून टाकलंय.

शेवाळ्यांची बोटं धावतात :
'सदर तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून…'
तीन आणि एक.
मला हसू फुटतं. ते वर बघतात.
काही नाही, म्हणते मी,
हे गणित आम्हाला लहानपणीच घातलेलं.

मलावीच्या सरोवराकाठी माझा दवाखाना आहे.
माझा म्हणजे, किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला होती.
आता ती एस्नातकडे,
आणि मी इथं, आईच्या पलंगावर
फायलीतले कागद पुन्हा मोजतेय.
फोटोत कान दिसले पाहिजेत. दिसतात.
बोटांचे ठसे उमटले पाहिजेत.
ते उमटत नाहीत, साबणानं रेषा धुऊन नेल्यात.
केंद्रातली पोरगी म्हणाली,
"बोट कपाळावर घासा मॅडम, थोडं तेल लागंल."
घासलं. पाचव्यांदा यंत्रानं मला ओळखलं.

'प्रवासाचा उद्देश' : पर्यटन, व्यापार, शिक्षण, इतर.
मी 'इतर'वर खूण केली.
पुढं वीस अक्षरांची जागा.
वीस अक्षरांत काय मावतं?
सुईण मावते.
बोलावणं मावत नाही.

चौकशीला हवालदार मगदूम आले, संध्याकाळी.
"तिकडं काय करता?"
बाळंतपणं.
"आणि?"
आणि प्रार्थना.
त्यांनी पहिलं तेवढंच लिहिलं.
साक्षीला शेजारच्या हिराबाई, हातात अर्धी वादी,
चामड्याचा वास घेऊनच आल्या :
"मी सांगतो की! हिला मी झबल्यात असल्यापास्नं बघतो.
शेंबूड पुसलाय मी हिचा. लिवा."

चहा संपला तरी मगदूम उठेनात.
मग डिकीतून पिशवी आणली, बायकोची सोनोग्राफी :
"ताई, जरा बघता?"
दिव्याखाली धरली.
पायाळू आहे, म्हटलं. घाबरू नका,
दोन महिने आहेत, फिरेल.
जाताना म्हणाले,
"मग तुमचा कागद बी फिरंल की."

फिरला.
'अपूर्ण' असा शिक्का घेऊन माझ्याकडेच परत फिरला.

त्या रात्री मी प्रार्थना केली नाही.
म्हणजे गुडघे टेकले,
पण तोंडात शब्दांऐवजी रकाने आले.
खोटं कशाला सांगू,
उपकार मानणं कधी कधी दात घासण्यासारखं असतं :
झोपेत, सवयीनं, आरशात न बघता.
तरी घासते.
पेस्ट संपली तर मीठ.
आई पलीकडून म्हणाली,
"अकरा वर्षांत सलग चार महिने घरी आहेस.
मी तर रोज त्याचे आभार मानते,
तुझा साहेब सुट्टीवर जावो म्हणून."

मला काय बोलावं सुचेना.
एकाच छताखाली दोन प्रार्थना,
एकमेकींच्या विरुद्ध,
आणि दोन्ही खऱ्या.

काल मगदूमांचा फोन आला.
मुलगी. डोक्यानंच आली.
अर्ज माझा अजून आडवा आहे.

आज परत खिडकी. माझा नंबर त्रेचाळीस.
सरोवराकाठी एक शब्द आहे, झिकोमो.
म्हणजे आभारी आहे.
आणि तोच शब्द, कुणाला थांबवायचं असलं तर :
माफ करा, जरा ऐकता का?
पहिल्या वर्षी माझा गोंधळ व्हायचा,
ही बाई काही मागतेय की मिळाल्याचं सांगतेय?

काचेपलीकडे साहेब स्टेपलरमध्ये पिना भरतोय.
आईनं डब्यात भाकरी दिलीय, दोघींना पुरेल एवढी, चुकून.
बेचाळीस नंबर गेला.
मी काचेवर हलकेच टकटक करते,
आणि तोंडातून पहिला निघतो
तो तोच शब्द.