रुळाचा ताप

दुपारी अडीचला मी रुळाचा ताप बघते.
बाबालाल मुजावर हसला होता पहिल्या दिवशी,
"पोरी, आम्ही तळवा ठेवायचो नुसता,
चटका बोलायचा."
आता चुंबकाचं, वाटोळं, डबीएवढं यंत्र.
एकसष्ट.
वहीत लिहिते. घामानं कागद मऊ,
आकडा जरासा फुटतो.

नांद्र्यापासून भिलवडीच्या बाजूला सहा किलोमीटर माझे.
जाताना डावा रूळ, येताना उजवा.
पाना, हातोडा, दोन झेंड्या, फटाक्यांची डबी.
उसाला पाणी सोडलंय तिथं घटकाभर गारवा,
पुढं खडी,
खडीवर हवा उकळते.

पूर्वी रुळारुळांत फट असायची.
गाडी खडखडायची,
पण त्या फटीत उन्हाळा मावायचा.
मग फटी सांधल्या, प्रवास मऊ झाला,
लोखंडाला अंग पसरायला जागा राहिली नाही.
दाटीतलं माणूस करतं तेच करतं तेही.
सोसतं, सोसतं,
आणि एका दुपारी न सांगता वाकतं.

चैत्रात आम्ही रूळ कापला.
रात्रीचा ब्लॉक, तीन तास.
चाव्या काढल्या, रूळ रोलरांवर चढवला,
लाकडी घणानं ठोकत गेलो कडेकडेनं,
आतली कळ निघेस्तोवर.
हलला. चार बोटं पुढं आला.
"सुटली," दत्तू ऐवळे म्हणाला,
बाळंतिणीबद्दल म्हणतात तसं.
तिवडे मॅडम बॅटरीच्या उजेडात पुस्तक चाळत होत्या.
"यंदा तीन अंश वर बांधू.
हे लिहिलं तेव्हाचं ऊन वेगळं होतं."
"मग पौषात तडकंल," बाबालाल.
"तडकला तर दिसतो, मुजावर.
म्हणून तर थंडीत रात्रीचं चालायला लावते तुम्हाला."
तो काही बोलला नाही. तंबाखू मळत राहिला.

पुलाच्या दुसऱ्या खांबावर त्याच्या हातच्या रेघा.
पाच सालची लाल.
एकोणीसची तिच्या वर, डोकं मागं टाकून बघावी लागते.
एकवीसची दोघींच्या मधे.
रंगाचा डबा त्यानं टाकलेला नाही.
झाकण घट्ट लावून ठेवलाय.

एकोणीसला गाड्या बंद होत्या
आणि भराव तेवढा पाण्याबाहेर.
नऊ दिवस रुळांमधे चुली,
म्हशी रुळालाच बांधलेल्या,
सिग्नलच्या खांबाला एक शेळी,
कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.
पाणी उतरल्यावर तीच माणसं ऑफिसात आली,
"तुमच्या भरावानंच पाणी तुंबलं, हळद कुजली."
खोटं नव्हतं त्यात काही.
चुली मांडल्या तेही खोटं नव्हतं.

म्हणून आता भरावाला दारं पाडतायत, सात.
काँक्रीटच्या पेट्या, बैलगाडी जाईल एवढ्या.
उतारावर वाळा लावलाय; मुळं खोल जातात म्हणे,
सध्या तरी शेळ्या खातायत.
सिग्नलची खोली खांबांवर चढली,
तिला जिना आहे, जिन्याला अजून कठडा नाही.

येसाबा मगदूम रोज काठी टेकत बघायला येतो.
"पाण्याला दार केलंसा. ब्येस.
आता म्हशी कुठं बांधू?"
"भराव आहेच की, येसाबा. मधे भोकं तेवढी."
"भोकाच्या डोक्यावर म्हैस हुबी ऱ्हात न्हाई, बाई.
तिला कळतं."
हे मी वहीत लिहिलं, तापाच्या आकड्यांखाली.
मॅडमनी वाचलं, खाली सही केली.

पॅसेंजर येते. तीसच्या वेगानं, माझ्याच आकड्यामुळं.
दारातला एकजण ओरडतो,
"झोपलासा काय गं सगळी?"
मी झेंडी धरून उभी.
मागच्या डब्यात खिडकीच्या गजाला नाक लावून एक पोरगी
दारं मोजतेय, मोठ्यानं,
हळू चाललेल्या गाडीतून मोजता येतात.
चार. पाच. सहा.
मग थांबते.
सातवं अजून व्हायचंय.
तिथं नुसती चुन्याची रेघ आहे.