हळदीचा कागद

शनिवारची सकाळची शाळा, कुपवाड.
स्कूटरवर पायाशी संस्थेची पत्र्याची पेटी,
आत एकोणतीस प्रयोग, एक तडकलेली परीक्षानळी,
आणि मी, वीज मंडळातून निवृत्त होऊन चारच महिने झालेला.

प्रशिक्षणात बजावलं होतं:
उत्तर आधी द्यायचं नाही. थांबायचं.
पोरांचे डोळे मोठे होईपर्यंत थांबायचं.

हळदीत बुडवून वाळवलेला कागद काढला,
साबणाच्या पाण्याचं बोट ओढलं.
पिवळ्यावर लालभडक रेघ.
थांबलो.
कुणाचेच डोळे मोठे झाले नाहीत.

तिसऱ्या रांगेतली तहसीन मुजावर म्हणाली,
"हे तर आमच्या मोरीत रोज हुतंय.
अम्मी हळदीच्या गोदामातनं येती,
हात धुती, लाल पाणी जातंय."
मागनं दोघी-तिघी: "आमच्यात पन."

पुस्तिका मिटली.
"मग लाल का होतं गं?"
ती गप्प. वर्ग गप्प.
डोक्यावर पंखा तेवढा करकरत होता
(बेअरिंग गेलंय, एवढं मला कळतं).

बऱ्याच वेळानं तीच,
"पन सर, नुसत्या पान्यानं का हुत न्हाई?
आनि चिंच लावली तर?"

पेटीत चिंच नव्हती.
न विचारताच एक पोरगा
कुंपणाकडं पळाला.

संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
प्रयोग यशस्वी झाला का? हो / नाही.
तो तसाच सोडून खाली लिहिलं,
पुढच्या वेळी चिंच न्यायची.
आणि तहसीनच्या आईला विचारायचं
किती धुतल्यावर
हात हातासारखे होतात.