उताणा नको, कुशीवर

एकतीस मेला हर्णैच्या होड्या वर ओढतात.
दोन महिने समुद्र बंद.
हिशेब होतो, वाटे पडतात,
आणि सतरा वर्षांच्या खिशात
पहिल्यांदाच इतके पैसे येतात
की ते मांडीला टोचत राहतात.

त्या रात्री माझी ड्युटी होती.
दीड वाजता रिक्षा आली, दिवे न लावता.
चौघं उतरले. पाचव्याला उतरवला.

उमंग चोगले.
ह्याच टेबलावर त्याला पोलिओचे थेंब पाजले होते मी,
तेव्हा रडून त्यानं अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होता.
आता नुसती घरघर,
ओठ बांगड्याच्या पाठीसारखे निळे.

काय घेतलं ह्यानं?
कोणी बोलेना.
एक जण अंगठ्यानं फरशीवरची वाळू गोळा करत होता.
"सरबत," दुसरा म्हणाला. "कोकम."
कोकमाला असा वास येत नाही
हे त्यालाही माहीत होतं.

मी म्हटलं, बाबांनो,
मी पोलीस नाही, तुमची आई नाही.
होडीत पाणी शिरलं तर तांडेलाला सांगता ना,
का "बोट कोरडी हाय" म्हणून हसत बसता?

तेव्हा सुहैल मुकादम, सगळ्यांत लहान,
पुढे आला.
"दारू होती. वर गोळ्या. झोपेच्या म्हणं.
आमी येक-येक घेतली, ह्येनं तीन खाल्लान.
साडेअकराला."
आणि खिशातून चुरगळलेली रिकामी पट्टी काढली.
"टाकून दे म्हणत व्हते. मी नाय टाकली."

बावीस वर्षांच्या नोकरीत
कचरा बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दारू श्वासाला खाली दाबते.
गोळी तिच्या पाठीवर चढून बसते.
दोघींच्या ओझ्याखाली छाती
हळूहळू वर येणं विसरते.
मित्र समजतात, घोरतोय.

मग दोन तास काय केलंत?
"उलट्या झालेल्या. उताणा निजवला होडीखाली.
म्हटलं, उतरेल."

उतरेल!
अष्टमीचा भांग, अमावास्येचं उधाण,
पाणी कधी चढणार, कधी उतरणार,
तुम्हांला शाळेच्या आधी पाठ होतं.
रक्तात चढलेल्या पाण्याला तिथी नसते, पोरांनो.

रिक्षा चालवणारा प्यायलाच नव्हता.
"गाडी चालवायची व्हती," म्हणाला,
खाली बघून, चोरी पकडल्यासारखा.
त्याच्या लाजेवर मला अजून रडू येतं.

उमंग वाचला. तुम्ही विचारणार, म्हणून सांगते.
दापोलीच्या वाटेवर एकदा श्वास थांबला होता,
ते त्याला आठवत नाही. मला आठवतं.

जुलैत शाळेनं व्याख्यानाला बोलावलं.
फळ्यावर रंगीत खडूनं कवटी,
हात पुढे करून घ्यायची शपथ.
शपथ घेऊ दिली. माझं काय जातं?
मग एकाला म्हटलं, ये, जमिनीवर नीज.
वर्ग हसला. हसू दे.
असं कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा दुमडून,
तोंड किंचित खाली, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही.
कॉफी नाही, लिंबू नाही, तोंडावर खारं पाणी नाही.
एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही.
एकशे आठला फोन. आणि खरं सांगायचं,
काय, किती, किती वाजता.
घरचे मारतील? मारतील कदाचित.
मार खायला माणूस उरला पाहिजे.

सगळे पांगल्यावर दाराशी एक मुलगी घुटमळली.
"सिस्टर, समजा, एखाद्याचा भाऊ..."

"समजा"पाशी मी घड्याळ बघणं सोडते.
पिशवी परत टेबलावर ठेवली.
म्हटलं, बस.