खिशातले हात

रविवारी साडेचारला, अशोकस्तंभाजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो.
खाली मशीन चालू असतं तोवर टेबल थरथरतं,
सरळ रेघ कुणाचीच येत नाही.
तेवढं एक निमित्त सगळ्यांना सारखं.

मी अंबडला क्वालिटीत आहे.
आठवडाभर व्हर्नियर, गेज, लाल स्टिकर.
केसभर चुकलं तरी पार्ट बाजूला.
रविवारी हात धुऊन येतो,
डोळे धुवायचे राहतात.

ओजस बागूल, नववी, सिडकोतला,
वहीच्या मधल्या जोडपानावर हलगीवाला काढून आणला होता,
पिना उचकटून, भोकं तशीच.
मी पेन काढलं. लाल नव्हतं, पण तसंच.
"बोटं सहा आहेत."
गोल केला. पुढच्या चौकटीत सात. अजून एक गोल.
"आधी मोजायला शिक, मग काढ."
लोक हसले. मीही.
त्यानं पानाची घडी केली,
चारात, मग आठात,
मग कागद होऊ देईल तेवढी लहान.

पुढचे तीन रविवार त्याची खुर्ची
पिशव्या ठेवायला कामी आली.

चौथ्या रविवारी माझी पानं होती. सोळा.
फिरदौस मणियार चित्रं काढत नाही.
भद्रकालीत बांगड्यांचं दुकान,
रात्री गल्ला मोजून झाला की गोष्टी लिहिते.
तिनं पानं वाचली ती गिऱ्हाइकाचा हात बघावा तशी,
जरासं दाबून,
अंगठा कुठवर मुडपतो ते.
चहा निवला.
मग म्हणाली,
"बाप कळला मला. गेटवरचा वॉचमन तर मी ओळखते.
नवव्या पानावर दोघं बोलत नाहीत, तिथं थांबले,
परत मागं गेले. त्याला काही करू नकोस."
अन् पानं पुन्हा उलटी चाळत:
"पण हात कुठंयत?"

"कुणाचे?"

"सगळ्यांचेच. बापाचे खिशात. पोराचे पाठीमागं.
आई कणीक मळते तर परात चौकटीबाहेर.
आणि इथं, शेवटी, डबा देतोय ना तो?
धरलाय कुणी डबा?"

बघितलं. डबा हवेत होता.
सांगण्यासारखं पुष्कळ होतं, शैली, संयम, रिकामी जागा,
तोंडाशी आलंही.
तेवढ्यात खालचं मशीन थांबलं
आणि टेबल एकदम गप्प झालं.
"जमत नाहीत," मी म्हणालो.
"मग न जमलेले काढ," ती म्हणाली. "आम्ही ओळखू."

संध्याकाळी रिक्षानं सिडको.
पवननगर, पाण्याच्या टाकीमागं.
ओजसनं दार अर्धंच उघडलं.
मी सोळावं पान पुढं केलं.
डबा, आणि त्याभोवती रिक्षातच
खड्ड्याखड्ड्यांत काढलेलं वांग्यासारखं काहीतरी.

"हात आहे का हा?"
"हो."
"अंगठा उलट्या बाजूनं आलाय."
"चुकलंय ते कळत होतं. कुठं ते नाही."
त्यानं चपलांच्या रॅकवरचं हेल्मेट उचललं,
पट्ट्याला धरून, डब्यासारखं,
सावकाश फिरवून दाखवलं.
मग, मी काही विचारलं नसताना:
"ती सहा नव्हती, काका.
एकच बोट. वाजवताना दोनदा दिसतं."

दाराच्या फळीवर वाजवलं त्यानं.
मला मोजायचं नव्हतं,
तरी मोजली गेली, सवय आहे.
चार, पाच, सहा,
मग नुसतं धूसर.

"चित्रात वाटत नाही ना तसं?"
हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही.
"सगळ्या बोटांची रेघ सारखीच जाड आहे," मी म्हणालो.
"हलतं ते पुसट करून बघ. मला तरी
तिथं कळलं असतं."

"हं," तो म्हणाला.
पटल्याचा हं, की दार लावायचा,
जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.