शिशाचा बिल्ला

लुईस बेटावर वारा आडवाच वाहतो.
ऑयरिक चाळीस वर्षं मागच्या बाकावर;
भाकर, प्याला पुढच्या पुढे जातो,
ती शाल सावरते. मी कुठली त्या मेजाची?

यंदा टॉर्कुल वडील
खारट बोटांनी शिशाचा बिल्ला
तिच्या तळव्यावर ठेवून गेला. बोलला काहीच नाही.

रात्री, पीटच्या विस्तवापाशी, ती शास्त्र उघडते:
जनावरं दुभंगून मांडलेली, मधून वाट,
करार दोघांचा
आणि अब्राम गाढ झोपलेला.
जळती मशाल एकटीच चालत गेली.

झोपलेला?
ती बोट ठेवून पुन्हा वाचते.
म्हणजे करार कुणीही मोडो,
तुकडे व्हायचे ते चालणाऱ्याचे.

झालेही. एका शुक्रवारी.

बिल्ला मुठीत ऊबदार झालाय.
उद्या कुठली शाल घ्यावी,
एवढंच ठरायचंय.