तीस सेकंद

मे महिन्यात सेमिनरी हिल्सच्या चढावर
नळाचं पाणीसुद्धा चटका देतं.
शालिक नेवारे काटोल रोडवरून
छोट्या हत्तीत उभी करून आणतो तिला.
बगळी. गवळाऊ, सात वर्षांची,
पांढरीफटक, पापण्या गुलाबी.
डाव्या डोळ्याखाली तुरीच्या दाण्याएवढं होतं,
महिन्याभरात शेंगदाणा झालं.
माशांना बरोबर कळतं कुठं बसायचं.

मी डबा उघडते. एक वायर,
टोकाला दाभणासारखे दोन बारके काटे.
रेडिओच्या लहरी, मी सांगते. त्यांची उष्णता देणार.
तो वाकून कान लावतो.
"बातम्या तं येत नाही जी यातून."

पन्नास अंश, तीस सेकंद.
"पन्नास? आमच्या टिनाखाली सत्तेचाळीस असते म्याडम.
तीन डिग्रीसाठी बाराशे भाडं देल्लं मी?"

मग मी शिकवल्यासारखी बोलत सुटते:
धड कातडीत रक्त धावतं, ऊन पुढं ढकलतं,
गाठीतल्या नसा वेड्यावाकड्या,
घाईघाईत बांधलेल्या,
आत आलेली उष्णता त्यांना
बाहेर काढता येत नाही...

"म्हंजे तिच्या घरी कूलर नाही."

बारा वर्षं शिकवतेय.
हे वाक्य मला सापडलं नव्हतं.

खोड्यात मान बांधली. भुलीचे थेंब.
गाठीवर मिठाचं पाणी.
काटे टेकवले आणि तोच मोजायला लागला,
मोठ्यानं, शाळेतल्यासारखा.
एकोणीसवर बगळीचा कान हलला,
तो थांबला,
मी मान हलवली,
वीस.

तीस झाले तरी त्यानं नाक पुढं केलं.
जळका वास नाही.
गाठ फक्त उकडल्या लसणासारखी फिकी.
"डागलं नाही तुमी?"
नाही.

शर्ट वर केला त्यानं.
बेंबीच्या बाजूला तीन आडव्या रेघा, जुन्या, चकचकीत.
"कावीळ झाली तवा. माह्या बुढ्यानं विळा तापवला.
मी पाच वर्साचा.
कोणी मोजलं नोतं जी."

बाहेर लू सुटली होती.
डोक्याचा दुपट्टा नळाखाली भिजवून
त्यानं बगळीच्या पाठीवर टाकला,
स्वतः उघड्या डोक्यानं
गाडीच्या फाळक्याला टेकून उभा राहिला.
"अन् पुन्हा आली तं?"
एकवीस दिवसांनी आणा.
पुन्हा मोजू.