अस्पष्ट

मी फक्त ऐकते आणि टाइप करते.
एकूण एक्केचाळीस रेकॉर्डिंग, मिनिटामागे ठरलेला दर,
मिडल्सबरोचं हे स्वयंपाकघर, केटलीशेजारी लॅपटॉप.
खिडकीतून नदीवरचा निळा पूल दिसतो, दिसला तर.

नियम असे:
कुणी तीन सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिलं
तर कंसात लिहायचं, विराम.
शब्द कळला नाही तर, अस्पष्ट.
नाव आलं की काळं करायचं.
रडण्याला चिन्ह दिलेलं नाही.

प्रकल्पाचं नाव दीड ओळीचं आहे.
मतलब एवढाच, की पुढची पाच वर्षं
न्यायाबद्दल काय शोधावं
ते ज्यांच्या अंगावरून न्याय गेला त्यांना विचारायचं.
शेवटी समितीला तीन विषय हवेत.
तीनच. पैसे तेवढेच आहेत.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथल्या कोर्टाला पायरीच नाही,
सरकतं दार आहे,
जवळून गेलं तरी उघडतं.

(माणसांची नावं मी बदलली आहेत. कोट बदललेला नाही.)

नोरीन गारबट, त्रेसष्ट, घर फोडलं गेलेली:
चोर सापडल्याचं मला दुकानात कळलं, पाव घेताना.
तारीख पुढे गेली ते कुणी सांगितलंच नाही.
मी नवा कोट घालून दिवसभर बाकावर.
बटणं लावून बसले होते हो, गळ्यापर्यंत.
त्यावर करा काहीतरी. त्या कोटावर.

टेंडाई मुपफुमी, चोवीस:
एकोणीस वेळा थांबवलं मला, एकोणीसही वेळा
अगदी नम्रपणे.
एकाने तर पावसात छत्री धरली, झडती घेताना.
आता ‘वागणूक कशी होती, एक ते पाच’ असं विचारता
तर पाच लिहा.
(विराम)
पाचच लिहा.

कोर्टातली शिपाई, बावीस वर्षं नोकरी:
कॉरिडॉरमध्ये खुर्च्या समोरासमोर आहेत,
मारणारा इकडे, मार खाल्लेली तिकडे,
मधे पाण्याचं मशीन.
तहान लागली तरी उठत नाहीत बायका.
खुर्च्या फिरवायचा अर्ज मी दिलाय. अकरा महिने झाले.
स्क्रू काढले की झालं, तसं बघितलं तर.

केझाया, वीस:
बाबाला भेटायला दोन बस, एक ट्रेन, मग कुत्रा हुंगायचा.
शाळेत सांगायचे, तो तेलाच्या रिगवर असतो.
सुटून आला तेव्हा मुलं विचारायला लागली,
समुद्र कसा असतो रे?
आणि तो सांगायचा. छान सांगायचा.
अजून सांगतो.

असं ऐकत ऐकत अडतिसावं लावलं
आणि खोकल्यावरूनच ओळखलं.
सहा वर्षं हा खोकला ऐकला नव्हता.

ओळखीचा आवाज निघाला तर कळवायचं,
असाही एक नियम आहे.
कळवते. ऐकून झालं की.

शिक्षा बरोबर होती, तो म्हणतो, केलंच होतं मी.
मग अन्याय कुठे वाटला?
अन्याय नाही म्हणत मी.
वळून बघितलं, तर बाकावर माझं एकही माणूस नव्हतं.
असं किती जणांचं होतं ते मोजा कुणीतरी.
माझी बहीण आहे. टायपिंग करते, वाऱ्यासारखं.
तिला एवढंच विचारा की

आणि तिथे लॉरी जाते.

अकरा वेळा मागे नेलं.
हेडफोन काढून, परत घालून.
वेग अर्ध्यावर आणला तर लॉरीच मोठी झाली,
तिच्या पोटात त्याचे चार शब्द, पाचही असतील,
शेवटचा बहुतेक ‘थंडी’. किंवा ‘गाडी’.

त्या दिवशी मी घरीच होते.
कपडे घालून, चावी हातात घेऊन.
हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

डर्मट. त्याच्यासाठी दुसरं नाव शोधलं, सुचलं नाही.
फाइलमध्ये काळं केलं.
लॉरीच्या जागी लिहिलं, अस्पष्ट.
त्यानंतर तो गप्प आहे. लिहिलं, विराम.
किती सेकंद ते लिहायची गरज नसते.
सव्वीस.